कुठून आणि किती आत : आमच्या प्रकल्पाच्या नोंदी

२४ जून
विषय आज पक्का झाला. एखाद्या वस्तूच्या आत काही घालून मोजायचं असेल तर वेगवेगळ्या शास्त्रांतले लोक खोली आणि लांबी कशी धरतात, ती कुठून मोजतात, आणि त्या आकड्यावर पुढचं किती अवलंबून असतं, हे पाहायचं. तृतीय वर्षाचे चार विद्यार्थी आणि मी. यात भौतिकशास्त्र कुठं आहे, असं विभागात विचारलं गेलं. मी गेल्या वर्षीच्या प्रॅक्टिकलच्या वह्या समोर ठेवल्या. तापमानाचे आकडे दशांशापर्यंत लिहिलेत, पण थर्मामीटर पाण्यात किती बुडाला होता ते एकाही वहीत नाही. माझ्या मते तो आकडा अर्धाच आहे, उरलेला अर्धा शोधायला हा प्रकल्प.

१९ जुलै
पाऊस थांबत नाही. गावात सगळीकडं एकच प्रश्न, बंधाऱ्यावर किती फूट? मुलांना म्हटलं, सुरुवात इथूनच करू. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. हे आकडे कोल्हापुरात पोराटोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ ला नदी ५५ फुटांच्या वर गेली होती.

एकीनं विचारलं, "सर, म्हणजे तिथं नदी त्रेचाळीस फूट खोल असते?" तसं नाही. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवरचा शून्य एका ठरावीक उंचीला बांधलेला असतो. नदीचा तळ गाळानं वर येतो, पुरानं खरवडला जातो, पण पट्टीचा शून्य हलत नाही. म्हणूनच २०१९ चा पूर आणि २०२१ चा पूर एकमेकांशेजारी ठेवून बोलता येतं. तळापासून मोजलं असतं तर दर वर्षीचा फूट वेगळा निघाला असता.

वहीच्या पहिल्या पानावर पहिला रकाना आखला : शून्य कुठं?

९ ऑगस्ट
प्रयोगशाळा. तापमान मोजायचा, स्टीलच्या नळीतला ६ मिलिमीटर जाडीचा प्रोब, उकळतं पाणी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंचीवर असल्यामुळं इथं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. १०० आले नाहीत म्हणून मुलं प्रोबवर संशय घेत होती, तो आधी दूर केला.

मग बुडवण्याची लांबी बदलत गेलो. १ सेंटिमीटर आत असताना प्रोब ९१ दाखवत होता, ३ सेंटिमीटरला ९६.५, ६ ला ९७.९, आणि ९ ला ९८. त्यापुढं काही फरक नाही. पाणी तेच, प्रोब तोच. स्टीलमधून उष्णता वर हवेकडं पळत असते, आणि आतला सेन्सर तापलेलं टोक आणि थंड दांडा यांच्या मधलं काहीतरी सांगतो. कारखान्यांत यासाठी एक ढोबळ नियम चालतो : जाडीच्या दसपट तरी आत घाला. ६ मिलिमीटर जाडी म्हणजे ६ सेंटिमीटर. आमचे आकडे त्या नियमाला धरूनच आले.

पाऱ्याच्या थर्मामीटरचं दुखणं वेगळं. काही थर्मामीटर पाऱ्याच्या टोकापर्यंत बुडवूनच वाचायचे असतात. काहींवर ७६ मिलिमीटरला रेघ असते, तेवढंच बुडवायचं. पहिल्या जातीचा थर्मामीटर अर्धाच बुडवला तर बाहेरचा पारा थंड राहतो आणि वाचन कमी येतं. त्याची दुरुस्ती सोपी आहे : ०.०००१६ गुणिले बाहेर राहिलेल्या पाऱ्याच्या लांबीत मावणारे अंश, गुणिले वाचन आणि दांड्याचं तापमान यांतला फरक. तेलाच्या भांड्यात ११८ अंश, बाहेर ९८ अंशांचा पारा, दांडा ४५ अंशांवर. उत्तर १.१ अंश. एवढ्यानं काय होतं, असं एक जण म्हणाला. गुऱ्हाळावर जाऊ तेव्हा कळेल, असं सांगून ठेवलंय.

दुसरा रकाना : किती लांबी आत?

६ सप्टेंबर
शिरोळ तालुक्यात, गटातल्या एकाच्या शेतात. काळी जमीन, उसाच्या कडेला मोकळा पट्टा. हवामान खात्याच्या कृषी वेधशाळांत जमिनीचं तापमान ५, १० आणि २० सेंटिमीटरला घेतात, आम्हीही त्याच खोल्या धरल्या.

पहिली अडचण लगेच आली. ५ सेंटिमीटर कशापासून? ढेकळं, भेगा, पाचटाचा थर. चौघांनी मोजलं आणि चौघांच्या खुणा वेगळ्या. शेवटी एक सरळ लाकडी फळी जमिनीवर टेकवली, पाचट बाजूला केलं आणि फळीच्या खालच्या कडेपासून खोली धरली.

दुसरी अडचण प्रोबची. सरळ उभा खुपसला तर दांड्यातूनच वरची उष्णता खाली उतरते, प्रयोगशाळेत पाहिलं तेच. म्हणून छोटा खड्डा घेतला, त्याच्या उभ्या भिंतीत ठरलेल्या खोलीवर प्रोब आडवे घातले आणि माती परत दाबली. याचा मोठा फायदा : खोली ५ सेंटिमीटरच, पण बुडालेली लांबी १२. खोली आणि लांबी वेगळ्या ठेवता येतात हे मुलांनी इथं पहिल्यांदा हातानं केलं.

गणितानुसार अशा जमिनीत दिवसाची उष्णतेची लाट साधारण १२ सेंटिमीटरला एक-तृतीयांशाच्या थोडी वर उरते, आणि २० सेंटिमीटरला पाचव्या हिश्श्यावर येते. वर दुपारी एकला ऊन टिपेला असेल तर ५ सेंटिमीटरला ती वेळ अडीच-पावणेतीनची, आणि २० ला संध्याकाळी सातनंतरची. शेतात आलेला आलेख याच वळणाचा आहे. शेतकऱ्यानं दुपारी दोनला "जमीन तापलीया" म्हटलं तर ते वरच्या चार बोटांपुरतं खरं असतं, मुळांना तो ताप संध्याकाळी कळतो. बियाणं किती खोल पेरायचं याचा विचार याच हिशेबाच्या जवळ जातो, पण तो आमच्या प्रकल्पाबाहेर.

जाता जाता सिव्हिलच्या एका मित्रानं पाया घेण्याआधीची चाचणी समजावली. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडतात, नळी ४५ सेंटिमीटर आत जाईपर्यंत ठोके मोजतात, आणि पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके हिशेबात घेतच नाहीत. भोक पाडताना तेवढी माती आधीच हललेली असते. मोजून सोडून द्यायचा भागही नियमात लिहिलेला आहे, हे मला फार आवडलं.

२० सप्टेंबर
दवाखाना. एका विद्यार्थिनीची मावशी आयसीयूत सिस्टर आहे, तिनं ड्यूटी संपल्यावर वेळ दिला. पेशंटजवळ गेलो नाही, रिकाम्या खोलीत नळ्या पाहिल्या.

नाकातून पोटात नळी घालायची तर किती घालायची? नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत नळी बाहेरूनच धरून मोजतात आणि त्या खुणेवर चिकटपट्टी लावतात. बाहेरच्या वाटेवरून आतल्या वाटेचा अंदाज. मुलांनी एकमेकांवर मोजून पाहिलं, अंतर माणसागणिक बदलत होतं. मावशी म्हणाल्या, "हे माप कामाला लागतं, पण त्याच्यावर विश्वास टाकून दूध सोडायचं नाही. आतलं पाणी ओढून पीएचची पट्टी लावायची, नाहीतर एक्स-रे. तोवर हात लावायचा नाही." पीएच ५.५ किंवा त्याहून कमी आला तर टोक पोटात असल्याचं धरतात. मापानं जागेचा अंदाज येतो, खात्री दुसऱ्याच गोष्टीनं करावी लागते. आमच्या भौतिकशास्त्राच्या वह्यांत ही शिस्त कुठं दिसत नाही.

श्वासाच्या नळीची गोष्ट जास्त नाजूक. मोठ्या बाईला दातांपाशी २१ सेंटिमीटर, पुरुषाला २३, लहान मुलांसाठी वयाचा निम्मा अधिक १२. शून्य म्हणजे नळीचं आतलं टोक, आणि वाचायची जागा दातांची कड. नळी थोडी जास्त गेली तर ती बहुतेक वेळा उजव्या फुप्फुसाच्या वाटेला लागते, कारण ती वाट सरळ असते. मग डाव्या फुप्फुसात हवाच जात नाही. म्हणून आकडा पेशंटच्या कागदावर लिहितात आणि ड्यूटी बदलताना पुढची सिस्टर तो नळीवर परत वाचते. मावशींनी नळीवरची २१ ची खूण अंगठ्याच्या नखानं दाबून दाखवली. "ही हालली का, एवढंच बघायचं असतं," म्हणाल्या. मुलं एकदम गप्प झाली होती.

परत येताना बसमध्ये कानाच्या शंखाचं बोलणं निघालं. कॉक्लिया सरळ केली तर साधारण ३५ मिलिमीटर भरते, आणि तीही प्रत्येकाची थोडी वेगळी. तोंडाशी बारीक, उंच आवाज ऐकू येतात, आत टोकाशी जाड, खर्जातले. आवाजाची लाट कॉक्लियातल्या पडद्यावरून कशी धावते हे दाखवल्याबद्दल बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. कॉक्लियर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेत इलेक्ट्रोडची तार याच वळणात सरकवतात. लांब तारांपैकी काही ३१.५ मिलिमीटरच्या आहेत. पण मिलिमीटर पुरत नाहीत. एकाच लांबीची तार छोट्या शंखात जास्त वळणं घेते आणि मोठ्यात कमी. म्हणून शंखाच्या तोंडाशी असलेल्या गोल खिडकीपाशी शून्य धरून किती अंश फिरली तेही सांगतात. तार कमी आत गेली तर खर्जाच्या जागेला ती पोचतच नाही, आणि जाड आवाजाचा संकेत बारीक आवाजाच्या जागेवर पडतो.

तिसरा रकाना : कुठल्या वाटेनं, सरळ की वळणानं?

११ ऑक्टोबर
बायोटेकच्या सहकाऱ्यांकडं. इथं आत घालणारं कुणी नसतं, निसर्गच अक्षरं घुसवतो. डीएनएच्या मजकुरात मधेच काही बेस, म्हणजे त्यातली अक्षरं, शिरले तर काय होतं, हा प्रश्न.

जेलमध्ये, म्हणजे डीएनएचे तुकडे विजेनं पळवून लांबीप्रमाणे वेगळे करतात त्या थरात, पट्टे पाहिले. लहान तुकडा लांब पळतो, मोठा मागं राहतो. शेजारी माहीत असलेल्या लांब्यांची शिडी पळवलेली असते, तीच मोजपट्टी. उदाहरण एसीई जीनचं घेतलं. त्यात काही माणसांत एक तुकडा जास्तीचा असतो, काहींत नसतो. पुस्तकांत पट्टे ४९० आणि १९० असे लिहितात. वजाबाकी ३०० येते, पण बेस एकेक वाचून मोजला तर तुकडा २८७ चा आहे. जेलची पट्टी ढोबळ आहे, ती "आहे" की "नाही" एवढं ठरवायला पुरते, २८७ म्हणायला वाचनच लागतं. कुठलं उत्तर हवंय त्यावर कुठली पट्टी घ्यायची ते ठरतं.

मेंडेलच्या सुरकुतलेल्या वाटाण्याची गोष्ट मला सर्वांत भावली. शाळेत आपण गोल आणि सुरकुतलेला असा तक्ता पाठ करतो. १९९० मध्ये कळलं की सुरकुतलेल्या वाटाण्यात स्टार्च बांधणाऱ्या एका जीनमध्ये सुमारे ८०० बेसचा तुकडा घुसलेला आहे. स्टार्च नीट बनत नाही, साखर वाढते, दाणा भरताना पाणी जास्त ओढतो आणि वाळताना आक्रसतो. एक घुसखोरी, आणि तिचा परिणाम डोळ्यांनी दिसतो.

लांबी मोठी म्हणून नुकसान मोठं, असं मात्र नाही. प्रथिनाचा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. एक किंवा दोन अक्षरं घुसली तर तिथून पुढचं सगळं वाचन सरकतं. तीन घुसली तर एखादं अमिनो आम्ल वाढतं आणि पुढचं वाचन बहुतेक ताळ्यावर येतं. क्रिक, ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये जंतूंवर वाढणाऱ्या टी-४ विषाणूत हेच करून दाखवलं : तीन घुसखोऱ्या एकत्र आल्यावर बिघडलेला जीन परत चालू लागला. त्यावरून तीन अक्षरांचा शब्द ठरला. आकड्याला तीननं भाग जातो का, हेच इथं खरं मोजमाप.

आणि शून्याचा प्रश्न इथंही आहेच. टे-सॅक्स या आनुवंशिक आजारात चार अक्षरांची एक घुसखोरी बऱ्याचदा सापडते. जुन्या कागदांत ती १२७८ या जागी घुसलेली म्हणून नोंदवली आहे, नव्या पद्धतीत १२७४ ते १२७७ ही अक्षरं दोनदा आली असं लिहितात. घटना एकच. चार अक्षरं शेजारच्यांसारखीच असल्यामुळं नेमकी कुठली नवी, हे सांगताच येत नाही, म्हणून कुठं धरायचं याचा नियम करावा लागला.

१६ नोव्हेंबर
गुऱ्हाळ, करवीर तालुक्यात. हंगाम नुकता सुरू झालाय. पहाटे पोचलो तेव्हा कढईत रस चढलेला, चुलवाणात चिपाडाचा जाळ, भेंडीच्या रसानं वर आलेली मळी काढणं चाललेलं. पाऱ्याचा थर्मामीटर मुद्दाम आणला नाही. खायच्या पदार्थात काच आणि पारा न्यायचा नसतो. स्टीलचा प्रोब, धुऊन उकळून आणलेला.

प्रोब कढईच्या काठाला उभा बांधला. सुरुवातीला रस वीतभर खोल, प्रोब ऐटीत बुडालेला. तास गेले, पाणी उडत गेलं, रस आटत आला. काकवीच्या टप्प्यावर प्रोबनं १०५ दाखवले आणि गूळ शिजवणाऱ्या गुळव्यामामांनीही मान डोलावली. पुढं आकडा रेंगाळायला लागला. मामा म्हणाले होते की गूळ उतरायची वेळ जवळ आलीय, आणि आमचा प्रोब ११२ वरच. मामांनी उलथन्यावरचा पाक थंड पाण्यात टाकला, बोटानं गोळी वळली, ती टणक. "उतरा," म्हणाले. आमच्या हिशेबानं ११८ च्या आसपास यायला हवं होतं.

मी प्रोबकडं बोट दाखवून विचारलं तर मामा वाकून बघत म्हणाले, "मास्तर, तुमची काडी फेसात हाय. पाकात कुठं हाय ती?"

फेस खाली बसल्यावर दिसलं. पाक तीन-चार बोटंच उरला होता, त्याच्या वर फेसाचा थर. बाहेरून प्रोब बुडालेला वाटत होता, पण बहुतेक भाग वाफेत आणि फेसात होता. रस आटतो तशी बुडालेली लांबी कमी होते, आणि तापमान अचूक हवं असतं ते नेमकं शेवटी, जेव्हा ती सर्वांत कमी असते. गुऱ्हाळात लोक थर्मामीटरवर भरवसा ठेवत नाहीत त्याचं एक कारण मला इथं दिसलं. उपकरण ठीक असतं, ते बसवायची पद्धत कढईला साजेशी नसते.

२३ नोव्हेंबर
त्याच गुऱ्हाळावर, प्रोब तिरका. हिशेब असा : शेवटी पाक ४ सेंटिमीटर. तळ जाळावर असतो, तिथं टोक टेकलं तर पाकाऐवजी पत्र्याचं तापमान येईल, म्हणून तळापासून १ सेंटिमीटर सोडायचं. उरली खोली ३. प्रोबला किमान ६ सेंटिमीटर लांबी हवी. आडव्या रेषेपासून ३० अंशांवर धरला तर बरोबर ६ मिळतात, २० अंशांवर जवळजवळ ९. आम्ही २० घेतले. पकड लाकडाची, वेल्डिंगच्या तारेनं बांधलेली.

मामा गोळी वळायला वाकले तेव्हा प्रोब ११७.५ वर होता. पुढच्या आधणालाही तसंच. मामांच्या बोटांना जे कळतं ते आता आकड्यातही दिसायला लागलं. शेतातली आडवी घातलेली काडी आणि ही तिरकी काडी, दोन्हीकडं युक्ती एकच. दुसरा रकाना आता दोन झालाय : खोली वेगळी, बुडालेली लांबी वेगळी.

११ डिसेंबर
कोयनेच्या भूकंपाची तारीख. १९६७ साली याच दिवशी पहाटे ६.३ तीव्रतेचा धक्का बसला. कोल्हापुरातल्या जुन्या माणसांना अजून आठवतो. आज त्या भागातल्या खोल विहिरींबद्दल वाचलं. कराडला भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे, आणि कोयना परिसरात सुमारे ३ किलोमीटरचं बोअर घेतलेलं आहे. वरचा बेसॉल्ट काही ठिकाणी किलोमीटरच्या जवळपास जाड, खाली ग्रॅनाइट.

बोअर तिरकं गेलं तर आत सोडलेल्या सळ्यांची लांबी आणि सरळ खोली वेगळी पडते, दोन्ही स्वतंत्र लिहितात. डोंगरावरचं बोअर आणि दरीतलं बोअर ताडून पाहायचं तर जमिनीपासूनची खोली सोडून समुद्रसपाटीला आणावं लागतं. पंचगंगेची पट्टी आणि गुळाची कढई, दोन्ही एकाच कामात भेटल्या.

४ जानेवारी
शिरोलीत एका फाउंड्रीत. वितळलेल्या लोखंडात लांब दांडीची टिप बुडवून काही सेकंदांत वाचन घेतात, टिप फेकून देतात. वर तरंगणाऱ्या स्लॅगखाली, म्हणजे मळीखाली, टिप गेलीच पाहिजे, नाहीतर स्लॅगचं तापमान येतं. गुऱ्हाळातल्या फेसाचीच अडचण, फक्त इथं १४०० अंशांच्या आसपास. जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

१२ जानेवारी
तालमीत, एका विद्यार्थ्याच्या आग्रहानं. दंडाचा स्नायू कोपराच्या पुढं हाडाला जिथं चिकटतो ते अंतर ४ सेंटिमीटर धरा, हातातलं वजन कोपरापासून ३५ सेंटिमीटरवर. ५ किलो तोलून धरायला स्नायूला सुमारे ४४ किलोएवढी ओढ द्यावी लागते. तेच अंतर ५ सेंटिमीटर असेल तर ३५ किलो. हाताचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही. एका सेंटिमीटरनं एवढा फरक. शिवाय स्नायू फार ताणलेला किंवा फार आखडलेला असेल तर त्याची ताकद कमी होते, मधल्या लांबीत ती सर्वांत जास्त. वस्तादांनी डाव टाकायच्या आधी कोपर किती वाकवून ठेवायचं ते पोरांना दाखवलं, आणि आम्ही आलेखावरची तीच जागा पेन्सिलीनं खुणावली.

३० जानेवारी
अहवालाचा शेवटचा भाग : एका पानाचा फॉर्म. रकाने असे ठरले. शून्य कुठं धरला, कशानं पक्का केला. खोली किती. आत गेलेली लांबी किती. दिशा उभी, आडवी, तिरकी की वळणाची. आजूबाजूला फेस, स्लॅग, पाचट असं काय आहे. वाचनाआधी किती वेळ थांबलो. सुरुवातीचं काही सोडून दिलं का. आणि शेवटी, योग्य जागी पोचलो हे दुसऱ्या कुठल्या गोष्टीनं तपासलं. हा शेवटचा रकाना आयसीयूतल्या मावशींचा आहे, आणि फॉर्ममधला सर्वांत महत्त्वाचा तोच, असं माझं मत. मुलांचं मत शून्याच्या रकान्याला. वाद मिटलेला नाही, अहवालात दोन्ही मतं घातली आहेत.

पुढच्या जूनपासून विभागाच्या प्रॅक्टिकलच्या वहीत हे पान छापायचं ठरलंय. गुळव्यामामांना सेंटिमीटरऐवजी प्रोबवर कोरलेली रेघ हवी होती : इथवर पाकात. उद्यमनगरात एका कारागिराला काम दिलंय, ६ सेंटिमीटरवर रेघ आणि २० अंशांची स्टीलची पकड, काठाला अडकवता येईल अशी. हंगाम संपायच्या आत मिळाली तर निदान दोन-चार आधणं त्यावर होतील.